न्हाणीघराला काचेचं दार

ट्रिप्लिकेन, मद्रास
७ जानेवारी १९६४

चि. भीमसेन,

आशीर्वाद आहेतच. ते दर वेळी पहिल्या ओळीत मांडून शाई कशाला घालवायची?

हे पत्र मराठीत का, ते आधी सांगते. इंग्रजीत माझा हात भरभर चालतो. नन्सनी मला अनेक गोष्टी शिकवल्या, त्यांत जोडाक्षरं नव्हती. आणि पुढचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजात गेला, तिथे तर मराठीचा कोणालाच उपयोग नव्हता. पण इंग्रजी तुझ्या बायकोलाही वाचता येतं, आणि आपल्या न्हाणीघरातल्या गोष्टी लीड्समध्ये चहाबरोबर वाचल्या जाव्यात, असं मला वाटत नाही.

अण्णा न्हाणीघरात पडले. काळजीचं काही नाही. घसरले, एवढंच.

आतून कडी लावलेली होती. स्तोत्र चालू होतं ते मध्येच थांबलं. कनका स्वयंपाकघरातून धावत आली, मी वर्तमानपत्र टाकून आले. हाका मारल्या, उत्तर नाही. शेवटी शेजारच्या राणोजीरावांनी खांद्याने धडका मारून दार मोडलं. ते मोडल्यावर आतून पहिला शब्द आला तो असा: "राणोजी, आत येऊ नका. मी सोवळ्यात आहे." दगडावर आडवे, एक पाय अंगाखाली, बंबातलं पाणी उकळतंय, आणि हे सोवळ्यात. राणोजीराव बिचारे उंबऱ्यावरच थबकले. मी म्हणाले, "अण्णा, सोवळं मागाहून पाहू. आधी पाय पाहू."

डॉक्टर नारायणस्वामी येऊन गेले. त्यांचं म्हणणं, यापुढे कडी नाही, आणि आत काय चाललंय ते बाहेरून कळलं पाहिजे. अण्णांचं म्हणणं, अभिषेक देवाचा बघायचा असतो, माझा नव्हे. डॉक्टर म्हणाले, मग ओल्या टॉवेलने पुसून घ्या. अण्णा म्हणाले, टेबल पुसतात, माणूस न्हातो.

तेव्हा सध्या असं आहे: बंद दाराशिवाय स्नान नाही, स्नानाशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय अन्न नाही. दूध आणि केळी यांवर माणूस बसला आहे. सगळ्या घराचा जीव एका दारात अडकला आहे.

तू विचारलंस म्हणून कळवलं. मी कळवते हे तुझ्या वडिलांना माहीत नाही. या घरात तुझं नाव निघत नाही. मीही काढत नाही, फक्त पाकिटावर लिहिते.

तुझी आत्या


ट्रिप्लिकेन
२ फेब्रुवारी १९६४

चि. भीमसेन,

तुझं पत्र आणि त्यातलं ते कॅटलॉगचं रंगीत पान मिळालं. गुलाबी फरशी, गुलाबी टॉवेल, आणि काचेच्या दारामागे धुरकट दिसणारी एक बाई, जिला आयुष्यात कसलीच घाई नाही. तू लिहितोस की तुझ्या बायकोच्या इस्पितळात म्हाताऱ्या माणसांसाठी असंच दार असतं. आतला माणूस दिसत नाही, सावली तेवढी दिसते. कल्पना वाईट नाही. ती तिची आहे हे तू लिहायला नको होतंस, मग मला ती पटकन चांगली वाटली असती.

शॉवरचं मात्र विसर. आपल्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी पहाटे येतं आणि तेही गुडघ्याच्या वर चढत नाही. ते छतापर्यंत जाऊन अण्णांच्या डोक्यावर पडेल, हे इंजिनिअर झालेल्या माणसाने तरी म्हणू नये. तांब्या आणि बादली राहील. दार बदलेल.

काचेच्या आधी मी दोन उपाय करून पाहिले. पहिला असा: दार नुसतं लोटायचं, मी बाहेर स्टुलावर बसायचं, आणि अण्णांनी स्तोत्र मोठ्याने म्हणायचं. आवाज आहे तोवर माणूस ठीक. त्यांनी मान डोलावली, आत गेले आणि गप्प बसले. मुद्दाम. मी विचारलं, "अण्णा?" उत्तर नाही. धसकून दार ढकललं तर हे पाटावर कोरडे बसलेले, म्हणतात, "श्रोते असले की मला पाठ आठवत नाही."

दुसरा उपाय शास्त्र्यांचा. मठातल्या शास्त्रीबोवांना बोलावलं. ते म्हणाले, यात अडचण कसली, आजारी माणसाला मंत्रस्नान चालतं. मंत्र म्हणून पाणी शिंपडलं की झालं. पूजा करा, जेवा. मला तर उठून त्यांना टाळी द्यावीशी वाटली. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उत्तम. कोणी आजारी भेटला की त्याला सांगतो."

आता तूच सांग, या माणसाशी भांडायचं कुठून सुरू करायचं? सूट आहे, पण ती घ्यायला आधी कबूल करायला हवं की सूट लागते. हायकोर्टात आयुष्यभर दुसऱ्यांच्या तमिळ जबान्या इंग्रजीत नेल्या, त्यामुळे कोणत्या शब्दाने माणूस अडकतो ते त्यांना बरोबर कळतं. "आजारी" हा तो शब्द. तो ते तोंडातून काढणार नाहीत. हल्ली बरेचसे शब्द तोंडातून नीट निघत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा काच. मी ब्रॉडवेवरच्या दुकानात गेले. साधी काच, रेघांची काच, हातोडीने ठोकल्यासारखी काच, पावसाचे थेंब गोठल्यासारखी काच. दुकानातला मुलगा मला पडदे विकत असल्यासारखा प्रत्येकीवरून हात फिरवून दाखवत होता. मी त्याला म्हटलं, बाबा, मला शोभेची नको. आतला माणूस उभा आहे की पडला आहे ते कळलं पाहिजे, आणि तो कोण आहे ते कळता कामा नये. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग चार तुकडे घरी न्यायला दिले.

घरी कनकाला एकेका तुकड्यामागे उभं केलं. रेघांच्या काचेत ती दोन कनका झाली. थेंबांच्या काचेत ती होती की तुळशीवृंदावन, ते सांगता येईना. साध्या धुरकट काचेत मात्र बरोबर दिसली: उभी असताना उभी, वाकली तेव्हा वाकलेली, आणि चेहरा नाही. तिला जमिनीवर निजायला सांगितलं तर म्हणाली, "अम्मा, भरल्या घरात मी मेल्यासारखी का निजू?" मग मीच निजले आणि तिला बघायला लावलं. अण्णा खाटेवरून हे सगळं पाहत होते. म्हणाले, "कॉन्व्हेंटात हेच शिकवतात होय?"

पुढचं काम सुरू केलं आहे. आसारीने न्हाणीघराचा उंबरा काढून टाकला, खालचा दगड खरबरीत करून घेतला, भिंतीला धरायला लाकडी दांडा बसवला. (तुझी पुण्याची मावशी इथे आली होती तेव्हा "आज आसारी येणार" ऐकून दुपारी जेवायची थांबली होती, आठवतं? तिला आचारी वाटला. आला सुतार.) दांडा मात्र डावीकडे बसवून घेतला. उजवा हात अजून नीट पकडत नाही.

अण्णांना सांगितलं आहे की काचेच्या दाराची कल्पना माझी. तुझं ते पान मी माझ्या पेटीत ठेवलं आहे.

तुझी आत्या


ट्रिप्लिकेन
२४ फेब्रुवारी १९६४

भीमसेन,

काच आली. ती काच नाही. डोकं ठिकाणावर आलं की लिहीन.

आत्या


ट्रिप्लिकेन
२८ फेब्रुवारी १९६४

चि. भीमसेन,

आता नीट लिहिते. नीट म्हणजे, अजून रागावलेली आहेच, पण ओळी सरळ येत आहेत.

काच मी फोनवरून मागवली. परत ब्रॉडवेपर्यंत जाण्याची ताकद नव्हती. ज्या मुलाने मला तुकडे दिले तो त्या दिवशी दुकानात नव्हता. दुसरा कोणी होता. मी म्हटलं, परवा ठरवलेली कण्णाडी पाठवा, अंघोळीच्या खोलीला, माणसाच्या उंचीची. तो म्हणाला, "सरि, अम्मा." मीही म्हटलं, सरि, ठीक.

तू तिकडे राहून विसरला असशील, म्हणून सांगते: इथे काचेला कण्णाडी म्हणतात, चष्म्याला कण्णाडी म्हणतात, आणि आरशालाही कण्णाडीच म्हणतात. एखाद्या बाईने माणसाच्या उंचीची कण्णाडी अंघोळीच्या खोलीला मागितली, तर त्या दुकानाच्या अकलेप्रमाणे तिला काय हवं असणार? मी जन्मभर एक्स्चेंजातल्या मुलींना शिकवलं की नंबर ऐकला की तो परत म्हणून दाखवा. त्या माणसाने एकदा तरी उलट विचारायला हवं होतं. हाताखाली असता तर त्याला मी एक आठवडा रात्रपाळीला बसवलं असतं.

मी बँकेत पेन्शन आणायला गेले होते. तेवढ्यात आरसा आला, आणि आसारीने तो चौकटीत बसवूनसुद्धा टाकला. तोंड आतल्या बाजूला, कारण आरसा न्हाणाऱ्याने बघायचा असतो, रस्त्यावरच्यांनी नव्हे, असं त्याचं शास्त्र. पाठीला फळी मारली. म्हणजे बाहेरून बघावं तर चांगलं जाड, बंद, लाकडाचं दार. आधीच्यापेक्षा भक्कम.

अण्णांनी ते खाटेवरून पाहिलं. माझा पराभव झाला असं त्यांना वाटलं असणार. कनका सांगते, ते उठले, भिंत धरत गेले, खुंटीवरचा पंचा घेतला, आत जाऊन दार लावलं. तिने "अय्या, अम्मांना येऊ दे" म्हटलं, ते त्यांनी ऐकलं नाही.

मी आले तेव्हा ती दारापाशी पदराचा बोळा करून उभी. आतून पाण्याचा आवाज नाही, स्तोत्र नाही, काही नाही. मी हाक मारली. उत्तर नाही. मला वाटलं, पुन्हा मुद्दाम गप्प बसले. मग वाटलं, नाही.

दार ढकललं. अण्णा पाटावर बसले होते. अंग कोरडं. तांब्या हातात, रिकामा. समोर तो आरसा होता, मी दार उघडल्यामुळे तिरका झालेला, आणि ते मान वळवून त्याच्याचकडे बघत होते.

तुला लिहायचं राहिलं होतं. तोंडाची उजवी बाजू खाली ओढली गेली आहे. उजवा पाय फरफटत चालतो. डॉक्टर त्याला अर्धांग म्हणतात, आम्ही काहीच म्हणत नाही. अण्णांना गोपीचंदन लावायला तळहाताएवढा आरसा लागतो; त्यात कपाळ दिसतं आणि नाक. ते पडल्यापासून तो आरसा मी धरते आणि कपाळापुरताच धरते. स्वतःला पुरतं असं त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, पंचा गुंडाळून बसलेलं.

मला वाटलं, रागावतील. ते आरशाकडेच बघत म्हणाले, "हेमा, या म्हाताऱ्याला एकट्याला आत कोणी सोडलं?"

मी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. 

मी आणि कनकाने धरून बाहेर आणलं. खाटेवर टेकल्यावर त्यांनी विचारलं, हा आरसा कुठून आला. मी सगळं सांगितलं, दुकानदाराचा उद्धारही केला. तेव्हा ते हसले. हल्ली अर्ध्याच तोंडाने हसतात, पण हसले. "कण्णाडी मागितलीस, कण्णाडी मिळाली. कोर्टात एका शब्दाने माणसं फासावर जात होती, हेमा. तुझं नुसतं दार गेलं."

मग थोड्या वेळाने, डोळे मिटून: "त्या शास्त्र्याला बोलाव. आजाऱ्याचं मंत्रस्नान कसं असतं म्हणाला होता?"

शास्त्रीबोवा आले. शिंपडलं. अण्णांनी बसल्या बसल्या पूजा केली. कनकाने भात आणि सार केलं, आणि त्यांनी पानावर जेवून आणखी भात मागितला. मी दुपारी निजले ती दिवेलागणीला उठले. असं मी कधी निजत नाही.

दुकान आरसा परत घेत नाही. मापाला कापला आहे म्हणे. अण्णांनीच दार काढायला लावलं. तो आरसा आता मागच्या पडवीत भिंतीला टेकला आहे, आणि कनकाला पडवीत अचानक फार कामं निघतात.

तुझी आत्या


ट्रिप्लिकेन
१५ मार्च १९६४

चि. भीमसेन,

तुझं पत्र आलं. घाबरून लिहिलं आहेस, तेव्हा आधी हे: अण्णा जेवतात, झोपतात, भांडतात.

हे पत्र तुझ्या बायकोला वाचून दाखवलंस तरी चालेल. तुझी मराठी अजून तेवढी उरली असेल असं धरून चालते.

मंत्रस्नानावर आठ-दहा दिवस गेले. मग अण्णांची कुरकुर सुरू झाली. हे शिंपडणं म्हणजे जेवणाऐवजी जेवणाचं वर्णन, म्हणाले. अंगावर पाणी हवं. मी म्हटलं, दार नाही, आत कोणीतरी हवं, ते तुम्हाला चालणार नाही. माणूस ठेवू का, मठातला एखादा? परका पुरुष नको. राणोजीराव? "त्याने मला एकदा पडलेलं पाहिलंय. पुरे." मी? ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी खाली पाहिलं. माझी साठी उलटली तरी ते माझे थोरले भाऊ आहेत, भीमसेन. आम्ही त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून वाढलो नाही.

मग कशालाही धरून नसल्यासारखं ते म्हणाले, "तुला त्या दाराचं चित्र कोणी पाठवलं?"

मी म्हटलं, कसलं चित्र.

"पोदुम, हेमा. पुरे. तुझ्या टपालावर इंग्लंडच्या राणीचं डोकं असतं. आणि माझे डोळे दोन्ही बाजूंचे चालतात."

मी पेटीतून ते पान काढून दिलं. त्यांनी ते डाव्या हाताने दूर धरून बराच वेळ पाहिलं, त्या गुलाबी टॉवेलांसकट. म्हणाले, "तो सांगतो की ती सांगते?" मी म्हटलं, ती. इस्पितळात नर्स आहे. तेव्हा म्हणाले, "मग तिने माझ्यापेक्षा वाईट दिसणारी माणसं पाहिली असतील."

पुढचं मी जसंच्या तसं लिहिते. यात माझं काही नाही. मी फक्त जोडून देते आहे.

ते म्हणाले, "भीमसेनाला लिही." सहा वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्यांच्या तोंडून आलं, आणि त्यातला स आता फुटतो. "लिही की येऊन मला न्हाऊ घाल. शेवटी अंगावर पाणी तोच घालणार ना? मग मला कळतंय तोवर घालू दे."

मी काय बोलणार? पण मी मीच आहे, त्यामुळे बोलले. म्हटलं, अण्णा, ज्या सोवळ्यापायी राणोजीरावांना तुम्ही उंबऱ्यावर थांबवलंत, त्याचं काय? हा तर समुद्र ओलांडून गेला, परक्या धर्माच्या मुलीशी लग्न केलं, तिच्या हातचं खातो. त्याच्या हातचं पाणी तुम्हाला कसं चालेल?

त्यांनी ते पान घडी करून उशाखाली ठेवलं.

"समुद्र ओलांडून गेला, समुद्र ओलांडून येणार," म्हणाले. "एवढ्या पाण्यातून आलेल्या माणसाला आणखी किती न्हायला लावशील?"

निरोप दिला. यायचं की नाही, एकट्याने की तिच्यासह, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत विचारशील तर दोघं या. ती नर्स आहे आणि मी नाही.

तू येईपर्यंतची सोय अशी झाली आहे. न्हाणीघराला माझ्या जुन्या साडीचा पडदा आहे. अण्णा पंचा नेसून पाटावर बसतात, डाव्या हाताने दांडा धरतात. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहते आणि खांद्यावरून मागे तांब्या ओतते. निम्मं पाणी भिंतीवर जातं. अण्णा मागून ओरडतात, "उजवीकडे, हेमा, अजून उजवीकडे," आणि मग स्तोत्र पुढे चालू होतं. न्हाऊन झालं की पूजा, मग जेवण.

तिकीट काढताना एवढं लक्षात ठेव की हा खांदा साठीचा आहे, आणि उन्हाळा लागला की अण्णा दोनदा न्हातात.

तुझी आत्या